लेक मिशिगनची, बाप ओहायो स्टेटचा

पत्र

ताई, मी मूळचा कऱ्हाडचा. १९९४ साली एमएस करायला ओहायो स्टेट विद्यापीठात आलो आणि कोलंबसलाच राहिलो. इथलं कॉलेज फुटबॉल माझा जीव की प्राण. मुलगी २०२३ साली शिकायला ॲन आर्बरला गेली, म्हणजे मिशिगन विद्यापीठात. आमचे हाडवैरी! फी भरली, सामान पोचवून आलो, पण मनातून ते कधी रुचलं नाही.

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगला ती घरी आली होती. शनिवारी मॅच बघायला मित्रमंडळी जमली होती. आम्ही आमच्याच मैदानावर १३-१० असे हरलो. ती पिवळ्या-निळ्या स्वेटशर्टात कोपऱ्यात बसली होती. शेवटी तिने टाळ्या वाजवल्या आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "इथलं खायचं आणि तिथलं गायचं असेल, तर तिथेच राहा." दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली.

त्यानंतर मी कोच रायन डेला हाकला म्हणून सगळीकडे ओरडत सुटलो. टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीतल्या मॅचचं तिकीट रागाने विकून टाकलं. आणि तीच टीम पुढे राष्ट्रीय विजेती झाली. २०२५ मध्ये आम्ही मिशिगनला त्यांच्या मैदानावर २७-९ हरवलं. किती वर्षं वाट पाहिली होती! पण मुलगी त्या सुट्टीत घरी आलीच नाही. ती तिथे स्टेडियममध्ये होती. मी फोन केला नाही. मेसेजला उत्तरं देते, "हो", "नाही", "बरी आहे".

बायको आजवर एकदाही स्टेडियममध्ये आलेली नाही. ती म्हणते, आपण कऱ्हाडची माणसं, या लोकांच्या भांडणापायी घरात अबोला कशाला? बंद करा ते बघणं. खरंच बंद करू का? आणि पोरीशी काय बोलू?

— ओहायो स्टेटवाला एक बाप

उत्तर

बघणं बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको.

वहिनींचा त्रागा मला कळतो. घरात अबोला असला की त्याचं कारण असलेली वस्तू उचलून बाहेर फेकावीशी वाटते. पण "आपण कऱ्हाडची माणसं" हे आता निम्मंच खरं आहे. तीस वर्षं ज्या गावात राहिलात, घर घेतलंत, दर हिवाळ्यात दारातला बर्फ उपसलात, ते गाव तुमचं झालं. त्या गावाचं वेड तुम्हाला लागलं तर त्यात परकं काय आहे?

माझी काही वर्षं ओहायोत गेली आहेत, त्यामुळे मिशिगनच्या मॅचचा आठवडा मी जवळून पाहिला आहे. विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवर, इमारतींवर जिथे जिथे इंग्रजी 'एम' दिसतो तिथे तिथे लाल पट्ट्यांची फुली मारलेली असते. शनिवारी बँड मैदानात उतरतो आणि चालता चालता माणसांच्या रांगेनं 'ओहायो' हे नाव वळणदार अक्षरांत लिहितो. शेवटी सूझाफोन नावाचं भलंथोरलं पितळी वाद्य अंगावर अडकवलेला एक वादक ऐटीत पुढे येतो आणि 'आय'वरचा टिंब होऊन उभा राहतो. १९३६ पासून ते नाव असं लिहिलं जातंय. लाखभर माणसं त्या एका टिंबासाठी उठून उभी राहतात. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नसतानाही अंगावर काटा आला होता.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेतलं हे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. आणि कॉलेजचं असलं तरी त्याला कॉलेजचं गॅदरिंग समजू नका. मिशिगनचं स्टेडियम एक लाख सात हजारांवर माणसं बसतील एवढं आहे, ओहायो स्टेटचंही लाखाच्या वरच. दोघांमधला पहिला सामना १८९७ सालचा. १९१८ पासून दरवर्षी खेळतात, फक्त २०२० साली करोनामुळे चुकला. त्याही आधी, १८३५ च्या सुमाराला, टोलीडो शहराच्या पट्ट्यावरून ही दोन राज्यं एकमेकांवर फौजा घेऊन उठली होती. म्हणजे भांडणाला चेंडूच हवा होता असंही नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही १९९४ असं साल लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. त्या काळात शिकायला गेलेल्या मुलांचे पहिले महिने मला ठाऊक आहेत. एका खोलीत तिघं-चौघं, घरी फोन करायचा तर मिनिटामिनिटाचा हिशेब, नोव्हेंबरात पाच वाजताच अंधार. वर्गातल्या मुलांशी बोलायला विषय नाही. आणि मग एका शनिवारी कुणीतरी लाल टीशर्ट देतं आणि म्हणतं, चल. रस्त्यातला अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून "ओ-एच!" असं ओरडतो, तुम्ही "आय-ओ!" असं उत्तर देता आणि तो हसून पुढे जातो. कुठून आलास, किती दिवस राहणार, काही विचारत नाही. तुम्ही पोचलात त्याच वर्षी तुमच्या टीमने मिशिगनला २२-६ हरवलं होतं. मग लागोपाठ तीन वर्षं हरले. १९९६ ची तर घरच्या मैदानावर, १३-९. तोवर एकही मॅच न हरलेली टीम, आणि एक बचावपटू पाय घसरून पडला तेवढ्यात मिशिगनचा गडी चेंडू घेऊन पार गेला. ते तुम्ही कुठे बसून पाहिलंत हे आजही तुम्हाला आठवत असणार. परक्या गावातली माणसं आपल्याच दुःखानं कासावीस झालेली पाहिली की ती माणसं परकी राहत नाहीत. त्या मैदानाने तुम्हाला गाव दिलं.

आणि नेमकं तेच ॲन आर्बरने तुमच्या लेकीला दिलं. २०२३ च्या ऑगस्टात तुम्ही तिचं सामान उतरवून परत फिरलात, तेव्हा ती एका मोठ्या गावात एकटी उरली. त्याच मोसमात तिची टीम पंधराच्या पंधरा सामने जिंकली. तुम्हाला ३०-२४ हरवलं, आणि जानेवारीत ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेती झाली. अठरा वर्षांच्या पोरीने त्या थंडीत शेकडो मुलांच्या गळ्यात गळा घालून आरडाओरडा केला असेल आणि पहिल्यांदा तिला वाटलं असेल, मी इथली आहे. तुमच्या घरात लहानाची मोठी झालेली मुलगी शनिवारी स्वस्थ बसणार कशी? हे वेड तिने तुमच्याकडूनच उचललंय. फक्त रंग तिचे तिने निवडले.

तुमचं निम्मं दुखणं हे आहे की तिने वैऱ्याचं घर निवडलं. तर त्या वैराचंच जरा नीट बघू या. तुमच्याकडे वुडी हेज यांचं नाव देवासारखं घेतात. १९५१ ते १९७८ ओहायो स्टेटचे कोच. मिशिगनचं नावसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत, 'ती वरच्या अंगाची टीम' एवढंच म्हणायचे. १९६९ साली त्यांच्या अजिंक्य टीमला २४-१२ असं लोळवलं ते बो शेम्बेक्लर यांनी, मिशिगनच्या कोचपदाच्या पहिल्याच वर्षी. आणि हे बो कोण? जन्माने ओहायोचे, ओहायोतल्याच मायामी विद्यापीठात वुडींच्या हाताखाली खेळलेले, पुढे ओहायो स्टेटमध्ये त्यांचेच सहायक. वुडींचं सगळं शिकून त्यांच्याच छाताडावर बसलेला हा चेला! तेव्हापासून दहा वर्षं दोघं दर नोव्हेंबरात एकमेकांवर तुटून पडले. हिशेब निघाला पाच विजय बोंचे, चार वुडींचे, एक बरोबरी.

त्यानंतर वुडींचं काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. १९७८ च्या गेटर बोलमध्ये त्यांनी समोरच्या टीमच्या खेळाडूला ठोसा मारला आणि नोकरी गेली. त्या पडत्या काळातही बो त्यांच्याशी शिष्यासारखेच वागत राहिले. आणि १९८७ मध्ये, तब्येत पार ढासळलेली असताना, वुडी डेटनच्या एका कार्यक्रमात बोंची ओळख करून द्यायला मुद्दाम गेले. त्यानंतर थोड्याच अवधीत ते वारले. बो गेले १७ नोव्हेंबर २००६ ला, ओहायो स्टेट-मिशिगन सामन्याच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी दोन्ही टीम अजिंक्य, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या. तुमच्या स्टेडियममध्ये, तुमच्या लाल गर्दीने, मिशिगनच्या कोचसाठी शांत उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि मग ४२-३९ असा सामना जिंकला. तुम्ही तेव्हा कोलंबसमध्येच होतात. हे वैर इतक्या जवळच्या माणसांनी जपलं म्हणून ते शंभर वर्षं टिकलं. परक्याशी कुणी एवढ्या निष्ठेनं भांडत नाही.

कोचबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचा सगळा राग एका स्वभावातून येतो असं मला वाटतं. एका शनिवारवरून तुम्ही माणसाचा निकाल लावता. जॉन कूपर आठवा. एक्याऐंशी नाही, नव्वद नाही, तब्बल १११ सामने ओहायो स्टेटला जिंकून दिले, १९९७ च्या जानेवारीत रोझ बोल हा मानाचा सामना जिंकला. पण मिशिगनविरुद्ध तेरा सामन्यांत दोन विजय आणि एक बरोबरी. त्या एका रकान्यापायी लोकांनी त्या माणसाचं नाव टाकून दिलं. त्यांच्या जागी जिम ट्रेसल आले. त्यांनी मिशिगनला वर्षामागून वर्षं हरवलं, २००२ चं विजेतेपद आणलं, म्हणून पुढे खेळाडूंच्या नियमभंगाच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला तरी ओहायोने त्यांना डोक्यावरून उतरवलं नाही. आता ते राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. पलीकडेही तेच. मिशिगनचे कोच जिम हार्बॉ ओहायो स्टेटकडून पहिले पाचही सामने हरले. २०२० च्या वाईट मोसमानंतर त्यांचा पगार जवळजवळ निम्म्यावर आणला. तिथल्याही किती बापांनी त्यांना हाकला म्हणून आरडाओरडा केला असेल! ज्याला हाकलायचं होतं त्याच्याच टीमने पुढे तुम्हाला तीनदा धूळ चारली.

आणि रायन डे. मिशिगनकडून सलग चार वेळा हरले, हे खरं. २०२४ चा सामना तर हरण्यासारखा नव्हताच. मिशिगनचे त्या वर्षी सहा विजय, पाच पराभव, आणि तुमची टीम विजेतेपदाच्या वाटेवर. पंचेचाळीस सेकंद उरले असताना लाथेने मारलेल्या एका फील्ड गोलने सगळं गेलं. मिशिगनची मुलं तुमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला धावली, हाणामारी झाली, पोलिसांनी तिखट फवारा मारला. तो झेंडा मला मुळीच पटलेला नाही, तुमच्या लेकीलाही कदाचित पटला नसेल. तुम्ही तिला विचारलंत का? पण डे यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. ते अगदी लहान असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने लहान मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केला आहे, तुमच्याच कोलंबसच्या मुलांच्या हॉस्पिटलात. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी शहराने त्यांना जे जे म्हटलं, ते पोटात घालून तीन आठवड्यांनी त्यांनी त्याच मुलांना पुन्हा उभं केलं. टेनेसी ४२-१७, ओरेगॉन ४१-२१, टेक्सस २८-१४, आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामवर ३४-२३. तुमच्या विकलेल्या तिकिटावर टेनेसीचा कुणी नारंगी कोट घालून बसला असेल, कारण तसे त्या रात्री खूप दिसले. हरल्यावर माणसाला लगेच टाकून द्यायचं नसतं, हे तुमच्या टीमने तुम्हाला त्याच मोसमात दाखवलं. तेव्हा कोचला जी सवलत तुम्ही उशिरा का होईना दिलीत, ती लेकीला अजून दिलेली नाही.

आता ते वाक्य. तुम्ही पत्रात ते जसंच्या तसं लिहिलंत, याचा मला आदर वाटतो. पण तुम्हाला वाटतं तसं ते फुटबॉलबद्दल नव्हतं. "मिशिगन चोर आहे" असं म्हणाला असतात तर तिने उलट दोन टोले दिले असते आणि रात्री एकत्र जेवला असतात. तुम्ही तिचं खाणं काढलंत. बाप पैसे भरतो, म्हणून पोरीने कुठे टाळी वाजवायची हेही बापाने ठरवायचं, असा त्याचा अर्थ झाला. तेही ती ज्यांना काका-मामा म्हणते त्या सगळ्या माणसांसमोर. "तिथेच राहा" म्हणालात आणि पुढच्या वर्षी ती खरंच तिथे राहिली. तिने तुमचा शब्द पाळला.

आणि २०२५ च्या त्या शनिवारी, मॅच संपल्यावर, थंडीत ती हरलेल्या गर्दीतून चालत खोलीवर गेली. ते चालणं कसं असतं हे या जगात तिच्या बापाइतकं कुणाला ठाऊक आहे? १९९६ साली तुम्ही तसेच घरी गेला होतात. त्या संध्याकाळी फोन करायचा होता तुम्ही. जिंकल्याचा एक शब्द न काढता नुसतं विचारायचं होतं, जेवलीस का?

तेव्हा आता काय करायचं ते सांगते. फोनवर माफी मागू नका, मेसेजवर तर नकोच. कुठलीही मॅच नसलेला एखादा शनिवार बघा, तिला विचारा येऊ का म्हणून, आणि ती हो म्हणाली की यूएस २३ हायवे पकडून ॲन आर्बर गाठा. तीन तासांचा रस्ता आहे. टोपी, जॅकेट, काहीही लाल नको. तिला म्हणा, "मी तुझं खाणं काढलं ते चुकलं. ते घर तुझं आहे, तू कुठलाही शर्ट घालून ये." एवढंच. "पण तूही टाळ्या वाजवायला नको होत्यास" हे वाक्य तोंडाशी येईल, ते गिळा. "मी गमतीनं म्हणालो" हेही नको, कारण ती गंमत नव्हती हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. मग तिला म्हणा, तुझं गाव दाखव. तिचं स्टेडियम बाहेरून का होईना बघून या. १९२७ सालचं आहे, निम्मंअधिक जमिनीत खोदलेलं, रस्त्यावरून बघितलं तर आत एवढी माणसं मावतात यावर विश्वास बसत नाही. ती सांगेल ते ऐका. तिच्या पहिल्या वर्षाच्या त्या पंधरा सामन्यांबद्दल विचारा. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने विचारलेलं तिला आवडेल, आणि खरं सांगायचं तर तिच्या आजूबाजूला तिच्याशी या विषयावर तुमच्याइतकं चांगलं बोलणारं कुणी नसेल.

ती लगेच विरघळेल असं समजू नका. एका भेटीत "हो-नाही-बरी आहे" संपणार नाही. तिने तुमच्याकडून फक्त संघनिष्ठाच घेतली असेल असं नाही, डूख धरणंही घेतलं असेल. तुम्ही कूपरना किती वर्षांनी माफ केलंत?

त्या दिवशी जमलेल्या मित्रांनाही एकदा सांगून टाका. ओरडलात त्यांच्या समोर, तर चूक कबूलही त्यांच्या समोर व्हायला हवी. त्यातला एखादा पुढच्या वेळी तिच्या स्वेटशर्टावरून टोमणा मारेल, तेव्हा तुम्ही हसायचं नाही. "आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण टीमला लावा हवी तर. तुमच्या घरात दोन्ही बाळ्याच आहेत.

२०२६ ची मॅच कोलंबसला आहे आणि विद्यार्थिनी म्हणून तिचं ते शेवटचं वर्ष असणार. तिकिटं आत्तापासून बघा, तीन घ्या. तिला बोलवा, पिवळ्या-निळ्यात यायला सांगा. मॅचभर भांडा, कडकडून भांडा, मिशिगनची सगळी जुनी पापं काढा, ती तुमची काढेल. ती मैत्रिणींबरोबर मिशिगनच्या घोळक्यात बसते म्हणाली तर बसू द्या आणि मॅच संपल्यावर कुठल्या गेटापाशी भेटायचं ते आधी ठरवा. कोणीही जिंको, जेवण घरी. आणि वहिनींना मात्र या खेपेला आत नेऊन बसवा. तो 'आय'वरचा टिंब त्यांनी अजून पाहिलेला नाही.